तह, कबुली आणि यजितखत
व्यापाऱ्यांची संगनमते आणि सरकारची तडजोड यांविषयी काही ऐतिहासिक विचार



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी याच इमारतीत बसलेलो आहे. अडलेल्या शब्दाचा अर्थ ते लगेच सांगत नसत. ‘आधी हा शब्द कुठून आला ते शोधून आण, मग बोलू’, असे म्हणत. ती सवय मला आयुष्यभर पुरली. आजचा विषय कायद्याचा आणि अर्थकारणाचा आहे. मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने त्यात शिरणे कोणाला आगाऊपणाचे वाटेल. परंतु या विषयाच्या मुळाशी काही शब्द आहेत, काही जुने कागद आहेत आणि माझ्या स्वतःच्या हातची एक सही आहे. तेवढ्या अधिकारावर मी आपला तासभर वेळ घेणार आहे.

विषय असा. एकाच मालाचे विक्रेते आपापसांत ठरवून भाव वाढवतात, गिऱ्हाइके वाटून घेतात, निविदांमध्ये आळीपाळीने एकमेकांना जिंकू देतात. आपण याला संगनमत म्हणतो, कंत्राटदारांच्या बोलीत ‘रिंग’ म्हणतात, आणि कायद्याच्या पुस्तकात याचे नाव ‘कार्टेल’ आहे. हे संगनमत उघडकीस आले की सरकारने काय करावे? शेवटपर्यंत खटला चालवून पूर्ण दंड करावा, की दोषी मंडळी तडजोडीला तयार असतील तर कमी दंडावर प्रकरण मिटवावे? आणि मिटवायचेच, तर कोणत्या अटीवर? हा प्रश्न २०२२-२३ मध्ये आपल्या संसदेपुढे आला होता. त्याचे उत्तर तेव्हा एका पद्धतीने दिले गेले. प्रश्न मात्र फार जुना आहे.

शब्दाची कुळकथा

‘कार्टेल’ हा शब्द मूळचा इटालियन. ‘कार्ता’ म्हणजे कागद आणि ‘कार्तेल्लो’ म्हणजे छोटा कागद, चिठ्ठी. पुढे फ्रेंच व इंग्रजी भाषांत तो युद्धाच्या व्यवहारात रुळला. लढणाऱ्या दोन सैन्यांमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीसाठी जो लेखी करार होई, त्याला कार्टेल म्हणत. म्हणजे आपल्या इतिहासाच्या भाषेत एका प्रकारचा तहनामाच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत हा शब्द कारखानदारांच्या आपसातील करारांना लागला आणि तेथून जगभर पसरला. स्पर्धा हे एक युद्ध आहे असे मानले, तर त्या युद्धात गुपचूप केलेला तह म्हणजे कार्टेल. त्या तहाची किंमत मात्र जो त्यात सहीला नाही तो, म्हणजे गिऱ्हाईक, भरतो.

येथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. गुन्हा हाच एक करार आहे, आणि तो मिटवण्याचा जो मार्ग आपण तपासणार आहोत तोही एक करारच आहे. पहिल्या तहातून ज्याला वगळले, त्यालाच दुसऱ्या तहातूनही वगळले तर न्याय झाला असे म्हणता येईल काय? माझ्या साऱ्या विवेचनाचे सूत्र हे एवढेच आहे.

कौटिल्य आणि याज्ञवल्क्य

व्यापाऱ्यांच्या संगनमताविरुद्धचा कायदा अमेरिकेने १८९० मध्ये शोधून काढला असा एक समज आहे. आपल्या परंपरेत हा विचार पुष्कळ आधीचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘कण्टकशोधन’ या चौथ्या अधिकरणात व्यापाऱ्यांवर नजर कशी ठेवावी याचे विवेचन आहे. त्यात एकत्र येऊन माल अडवून धरणाऱ्या किंवा अवाजवी भावाने विकणाऱ्या व्यापाऱ्यांना १००० पणांचा दंड सांगितला आहे. एकत्र येऊन कामाचा दर्जा खालावणाऱ्या कारागिरांनाही तोच दंड आहे. मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात प्रसिद्ध केलेली प्रा. कांगले यांची आवृत्ती ज्यांनी चाळली असेल, त्यांना हे परिचित असेल. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायातही लोकांना जाच होईल अशा रीतीने संगनमताने भाव ठरवणाऱ्यांना ‘उत्तम साहस’ हा सर्वांत वरचा आर्थिक दंड आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने या स्मृतीवर मिताक्षरा लिहिली. मराठी मुलखातील निवाड्यांत हा ग्रंथ शतकानुशतके प्रमाण मानला गेला.

कौटिल्याला दंडाइतकीच दुसऱ्या एका गोष्टीची काळजी होती. गुप्तपणे केलेला अपहार उघडकीस आणायचा कसा? सरकारी द्रव्याच्या अपहाराच्या संदर्भात तो ‘सूचक’ म्हणजे खबर देणारा याचा विचार करतो. खबर सिद्ध झाली तर सूचकाला सापडलेल्या रकमेचा सहावा हिस्सा, आणि तो नोकर असेल तर बारावा हिस्सा. मात्र आरोपीच्या फूस लावण्यावरून त्याने शब्द फिरवला तर त्याला अत्यंत कठोर शिक्षा. आतल्या माणसाने बोलल्याशिवाय आतले गुपित बाहेर येत नाही, आणि बोलणाऱ्याला काही मिळाल्याशिवाय तो बोलत नाही, हे राज्य चालवणाऱ्यांना तेव्हाही ठाऊक होते.

मराठेशाहीतील कागद

आता मराठी कागदांकडे येऊ. मराठेशाहीतील न्यायपद्धतीवर वि. त्र्यं. गुणे यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये आपल्या वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालातही पंचायतीचे सविस्तर वर्णन आहे. या दोन्हींवरून निवाड्याची जी रीत दिसते, ती आपल्या विषयाला फार उपयोगी आहे.

वाद उभा राहिला की दोन्ही पक्ष प्रथम ‘राजीनामा’ लिहून देत. आज आपण या शब्दाचा अर्थ पद सोडण्याचे पत्र असा करतो. तेव्हाचा अर्थ शब्दाला धरून होता. ‘या सभेचा निवाडा मला मान्य राहील’ असे राजीचे, म्हणजे संमतीचे, पत्र. मग जामीन घेतले जात. दोघांच्या तकरिरी होत, साक्षीपुरावा होई, आणि सभा निवाडा देई. त्यानंतर जो हरला त्याच्याकडून एक कागद लिहून घेत. त्याचे नाव ‘यजितखत’. मी खोटा ठरलो, माझा दावा चालला नाही, पुन्हा या गोष्टीचा कथळा करणार नाही, असा त्याचा आशय असे. हा कागद जिंकणाऱ्याच्या हवाली होई. जिंकणारा सरकारला ‘हरकी’ देई, हरणारा ‘गुन्हेगारी’ भरे. ज्याला सरकारची भीती वाटून तो समोर येत नसे, त्याला ‘अभयपत्र’ देऊन बोलावण्याचीही चाल होती.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही की सरकारने गुन्हेगारीची रक्कम घेतली म्हणून प्रकरण मिटत नसे. हरल्याची लेखी कबुली लागे. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. ती कबुली सरकारच्या दप्तरात पडून राहत नसे. ज्याचे नुकसान झाले होते त्याच्या हाती ती जाई, आणि पुढे दहा-वीस वर्षांनी वाद उकरला गेला तर त्याच्या नातवालाही ती दाखवता येई. पेशवाईत पक्षपात आणि लाचलुचपत नव्हती असे मी म्हणणार नाही. एल्फिन्स्टननेही दिरंगाईबद्दल तक्रार केली आहे. परंतु यजितखताच्या मागची समजूत पक्की होती.

माळव्यातील अनुभव

आपल्या इंदुराकडे वळू. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी येथे स्थिरावली आणि पाहता पाहता हे गाव सराफी, अफू आणि कापूस यांचे मोठे ठाणे झाले. होळकरशाहीत येथील व्यापाऱ्यांची ‘ग्यारह पंच’ नावाची सभा होती. व्यापारी तंटे ती ऐके आणि तिच्या निवाड्याला दरबाराची मान्यता असे. व्यापाऱ्यांचे तंटे व्यापाऱ्यांनीच मिटवावेत यात मोठी सोय होती. एकमेकांची पत, वह्या आणि स्वभाव त्यांना ठाऊक असत. पण तंटा जेव्हा सगळे व्यापारी एका बाजूला आणि विकत घेणारा दुसऱ्या बाजूला असा असतो, तेव्हा व्यापाऱ्यांच्या सभेत त्या विकत घेणाऱ्याची बाजू कोण मांडणार? कोणत्याही पेठेतील पंचांची ही मर्यादा आहे.

संगनमत का टिकत नाही याचाही धडा माळव्याच्या मातीत आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा बंगाल-बिहारच्या अफूवर मक्ता होता. माळव्याची अफू बाहेर गेली की चीनमधला भाव पडे. म्हणून कंपनीने १८१८ नंतर माळव्यातील अफू स्वतः खरेदी करण्याचा आणि १८२० च्या दशकात माळवा-राजपुतान्यातील संस्थानिकांशी करार करून लागवड व व्यापार आवळण्याचा प्रयत्न केला. परंतु जे करारात नव्हते त्यांनी पालीवरून कराचीकडे आणि तेथून दमणकडे माल नेण्यास सुरुवात केली. १८३० च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि पेटीमागे १७५ रुपये घेऊन मुंबईकडे माल जाऊ देण्याची परवाना पद्धत सुरू केली. दर पुढे कमीजास्त होत गेला. तात्पर्य हे की भाव चढा ठेवण्याचा प्रत्येक करार आतून पोखरलेला असतो. फुटणाऱ्याला फायदा असतो. शहाण्या सरकारने या फुटण्याचाच उपयोग करून घ्यावा.

एक खासगी आठवण

येथे मी आपल्या परवानगीने एक खासगी गोष्ट सांगतो. १९८७-८८ च्या सुमारास मी ज्या महाविद्यालयात शिकवत होतो, त्याच्या ग्रंथालयासाठी लोखंडी कपाटे घ्यायची होती. नियमाप्रमाणे तीन दुकानदारांकडून दरपत्रके मागवली. तिन्ही टंकलिखित, तीन निराळ्या शीर्षकांची. समितीतील इतर सभासद आकडे पाहत होते. मी, सवयीप्रमाणे, शुद्धलेखन पाहत होतो. तिन्ही पत्रांत ‘पुस्तकालय’ या शब्दातला ‘त’ गळालेला होता. तिन्ही ठिकाणी ‘पुस्कालय’. एकच यंत्र, एकच टंकलेखक आणि एकच चूक.

मी ते बोलून दाखवले. थोडी कुजबुज झाली. काही दिवसांनी त्या तिघांपैकी एक, सर्वांत लहान दुकानाचा मालक, संध्याकाळी माझ्या घरी आला. त्याने सारे सांगितले. या खेपेस कोणी घ्यायचे, पुढच्या खेपेस कोणी, दर किती चढवायचा, सगळे आधीच ठरलेले होते. मी म्हणालो, हे लिहून द्या. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “सर, लिखकर दूँगा तो मेरा क्या होगा?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी वरिष्ठांना विचारले, त्यांच्याजवळही नव्हते. अखेर सर्वांत कमी दर भरणाऱ्याला बोलावून दहा टक्के दर कमी करून घेतला गेला. ‘वाटाघाटीने दर कमी करण्यात आले’ अशी टिप्पणी तयार झाली आणि तिच्यावर समितीचा सभासद म्हणून मी सही केली. कपाटे आली. संगनमताचा उल्लेख कोठेही राहिला नाही. जो खरे बोलला त्याचे नाव मात्र त्यानंतर यादीतून गेले. बाकीचे दोघे राहिले. पुढे कधीतरी ते दुकान बंद झालेले मी पाहिले. त्याचा संबंध त्या प्रसंगाशी होता की नव्हता, मी विचारले नाही.

आम्ही तडजोड केली होती. संस्थेचे काही पैसे वाचले, वेळ वाचला, बदनामी टळली. तरी ती सही मला अजून टोचते. का टोचते, हे समजायला मला पुढच्या काळातील कायद्याचा इतिहास वाचावा लागला.

माफी आणि तडजोड

अमेरिकेत १८९० च्या शेरमन कायद्याने संगनमत हा फौजदारी गुन्हा ठरला. परंतु बंद खोलीतील बोलणे बाहेर येईना. १९७८ मध्ये तेथील न्याय खात्याने खबर देणाऱ्या कंपनीला माफी देण्याची योजना काढली. तिला फारसा प्रतिसाद मिळाला नाही, कारण माफी मिळेलच याची खात्री नव्हती. १९९३ मध्ये योजना सुधारली. अटी पूर्ण करून जो पहिला येईल त्याला निश्चित माफी. त्यानंतर चित्र पालटले. जगभर जीवनसत्त्वांचे भाव संगनमताने ठरवणाऱ्या कंपन्यांपैकी एक पुढे आली, आणि मे १९९९ मध्ये हॉफमन-ला रोश या स्विस कंपनीने गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर दंड मान्य केला.

येथे दोन वेगळ्या मार्गांची गल्लत होऊ देता कामा नये. एक मार्ग माफीचा. यात माणूस सरकारजवळ नसलेला पुरावा घेऊन येतो आणि त्या बदल्यात दंडातून सूट मागतो. दुसरा मार्ग तडजोडीचा. यात पुरावा सरकारने गोळा केलेलाच असतो. आरोपी केवळ लढत बसत नाही, सरकारचा वेळ वाचवतो, आणि त्या बदल्यात थोडी सवलत मागतो. पहिल्याने गुपित फुटते, दुसऱ्याने खटला आटोपतो. म्हणून पहिल्याची किंमत मोठी आणि दुसऱ्याची लहान असली पाहिजे. तडजोडीतच घसघशीत सूट मिळू लागली, तर धोका पत्करून पहिला कोण बोलेल? सगळेच ‘आधी पकडले तर जाऊ, मग पाहू’ म्हणून गप्प बसतील. तडजोडीची रीत संगनमताविरुद्धच्या अंमलबजावणीला बळ देते की पोखरते, हे या प्रमाणावर अवलंबून आहे.

युरोपीय संघाने २००८ मध्ये संगनमतासाठी तडजोडीची पद्धत आणली तेव्हा हे प्रमाण जाणीवपूर्वक राखले. माफीत पहिल्याला दंड पूर्ण माफ होऊ शकतो, तडजोडीत फक्त १० टक्के सूट मिळते. शिवाय तडजोड करणाऱ्याला आपला सहभाग आणि जबाबदारी स्पष्टपणे कबूल करावी लागते. या पद्धतीचा पहिला निर्णय मे २०१० मध्ये संगणकाच्या स्मृतिचिपांच्या प्रकरणात झाला. दहा उत्पादकांपैकी मायक्रॉनने आधीच खबर दिली होती, त्याला पूर्ण माफी. उरलेल्यांना मिळून सुमारे ३३ कोटी १० लाख युरो दंड. म्हणजे अभयपत्र निराळे, यजितखत निराळे, आणि दोन्हींत कबुली आवश्यक. जुन्या पुण्याच्या न्यायसभेतील शास्त्र्यांना ही व्यवस्था परकी वाटली नसती.

आपल्या देशातील वाटचाल

आपल्याकडे मक्तेदारी आणि निर्बंधक व्यापारप्रथा कायदा १९६९ मध्ये झाला आणि १ जून १९७० पासून अमलात आला. त्याच्या आयोगाला संगनमत बंद करण्याचा आदेश देता येई, पण त्यापोटी जबर दंड करता येत नसे. एवढेच नव्हे, कलम ३७ मध्ये अशी सोय होती की कंपनीने अर्ज केल्यास आदेश देण्याऐवजी आयोग तिला आपली प्रथा सुधारण्यासाठी मुदत देऊ शके. म्हणजे आमच्या कपाटांच्या समितीने जे केले, तशीच वाट कायद्यानेही मोकळी ठेवली होती. चूक सुधारा आणि घरी जा. मागे झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा मार्ग १९८४ च्या दुरुस्तीने खुला झाला. खबर देणाऱ्याला अभय मात्र शेवटपर्यंत आले नाही.

१९९१ च्या आर्थिक बदलांनंतर हा कायदा अपुरा वाटू लागला. १९९९ मध्ये राघवन समिती नेमली गेली, २००० मध्ये तिचा अहवाल आला, आणि स्पर्धा कायदा, २००२ जन्मास आला. संगनमताविरुद्धची त्याची कलमे प्रत्यक्षात २० मे २००९ पासून लागू झाली. आता दंड मोठा होता. संगनमताच्या प्रत्येक वर्षासाठी नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, यांत जे अधिक असेल ते. शिवाय कलम ४६ ने खबर देणाऱ्यासाठी दार उघडले. २००९ च्या नियमांनुसार पहिल्याला १०० टक्क्यांपर्यंत, दुसऱ्याला ५० आणि तिसऱ्याला ३० टक्क्यांपर्यंत सूट. त्या दुकानदाराच्या प्रश्नाला वीस-बावीस वर्षांनी उत्तर मिळाले होते.

पुढच्या काही प्रकरणांतून या कायद्याची ताकद आणि दुबळेपणा दोन्ही दिसतात. भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांतील धान्य किडीपासून वाचवण्याच्या गोळ्यांसाठी मे २००९ मध्ये निविदा निघाली. तीन कंपन्यांनी एकच दर भरला, ३८८ रुपये. वाटाघाटीनंतर तो ३८६ झाला. हे वाचताना मला आमची टिप्पणी आठवली. आयोगाने २०१२ मध्ये उलाढालीच्या ९ टक्के दंड केला. अपिलात असे ठरले की उलाढाल म्हणजे केवळ त्या मालाची उलाढाल, आणि ८ मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. एका कंपनीचा सुमारे ६४ कोटींचा दंड ३ कोटींच्या आत आला. कायद्याच्या दृष्टीने प्रमाणबद्धतेचा तो विचार योग्य असेल. परंतु दंडाचा धाक ओसरला की माफीचे आकर्षणही ओसरते, हेही तितकेच खरे.

पुण्याचे प्रकरण अधिक जवळचे आहे. पुणे महानगरपालिकेने घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांसाठी काढलेल्या निविदांत रिंग झाल्याची तक्रार नागरिक चेतना मंच या नागरिकांच्या संस्थेने २०१५ मध्ये आयोगाकडे केली. एकाने जिंकायचे आणि इतरांनी त्याच्यासाठी चढ्या दराची पत्रे भरायची, असा तो प्रकार होता. चौकशी सुरू झाल्यावर सहभागी कंपन्या कबुली घेऊन आल्या, आणि मे २०१८ च्या निकालात त्यांतील काहींना दंडात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळाली. साध्या नागरिकांच्या एका अर्जाने हे घडले, याचे मला विशेष अप्रूप वाटते.

आपल्या गावाचेही नाव या इतिहासात आहे. औषध कंपनीने नवा घाऊक विक्रेता नेमण्यापूर्वी औषधविक्रेत्यांच्या संघटनेचे ना-हरकत पत्र घेतले पाहिजे, असा दंडक अनेक प्रांतांत चालत असे. मध्य प्रदेशातील अशा प्रथेविरुद्ध २०१४ मध्ये तक्रार झाली. जून २०१९ मध्ये आयोगाने राज्याच्या आणि इंदूरच्या औषधविक्रेता संघटना व दोन कंपन्या यांना मिळून सुमारे ७४ कोटी रुपये दंड केला. तक्रारीपासून निकालापर्यंत पाच वर्षे. सिमेंटच्या प्रकरणात तर २०१० मध्ये तक्रार, २०१२ मध्ये सुमारे ६३०० कोटींचा दंड, २०१५ मध्ये अपिलात तो आदेश रद्द, २०१६ मध्ये पुन्हा आदेश, २०१८ मध्ये तो अपिलात कायम आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात पुन्हा अपील. घर बांधणाऱ्या माणसाने तोवर ते सिमेंट वापरून, त्या घरात मुलांची लग्नेही उरकली असतील.

संसदेपुढील प्रश्न

ही दिरंगाई पाहूनच तडजोडीचा विचार पुढे आला. स्पर्धा कायद्याच्या आढाव्यासाठी नेमलेल्या समितीने २०१९ च्या अहवालात तडजोडीची पद्धत सुचवली, पण संगनमताची प्रकरणे तीतून वगळली. संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२२ मध्ये उलट शिफारस केली. व्यवहार्य उपाय म्हणून संगनमतालाही तडजोड खुली करावी, असे तिचे मत होते. सरकारने ते स्वीकारले नाही. २०२३ च्या दुरुस्तीने तडजोडीची कलमे आली, ती वर्चस्वाचा गैरवापर आणि उत्पादक-विक्रेता यांच्यातील करार यांपुरती. मार्च २०२४ मध्ये नियम आले, त्यांत तडजोडीची सूट १५ टक्क्यांपर्यंत ठेवली आहे. एप्रिल २०२५ मध्ये दूरचित्रवाणी संचांतील अँड्रॉइड प्रणालीच्या प्रकरणात गूगलने २० कोटी २४ लाख रुपये भरून पहिली तडजोड केली. संगनमतासाठी माफीचाच मार्ग राहिला. तो थोडा रुंद झाला. एका संगनमताची कबुली देताना दुसऱ्याची खबर देणाऱ्याला आणखी सूट मिळते.

दोन्ही बाजूंना वजन आहे, हे मान्य केले पाहिजे. स्थायी समितीचा विचार चुकीचा होता असे मला वाटत नाही. दहा-दहा वर्षे चालणारा खटला म्हणजे दोषी माणसाला व्याजाशिवाय मिळालेले कर्जच होय. मिळालेला थोडा दंड न मिळालेल्या मोठ्या दंडापेक्षा बरा, हा व्यवहार आपल्याला घरगुती वादांतही कळतो. तरीही सरकारने जी सावधगिरी राखली तीही रास्त होती. आपल्याकडे माफीची पद्धत अजून कोवळी आहे. तिच्यानुसार सूट मिळालेला पहिला निकाल जानेवारी २०१७ चा. त्या रोपट्याशेजारी तडजोडीचे मोठे झाड लावले तर त्याच्या सावलीत ते खुरटेल.

माझे मत मी यजितखताच्या आधारे मांडतो. संगनमताला तडजोड कधी खुली करायचीच झाली, तर तीन अटी असाव्यात. पहिली, सवलत माफीपेक्षा स्पष्टपणे कमी असावी. खबर देणारा आणि केवळ लढा सोडणारा एका मोलाचे नाहीत. दुसरी, लेखी कबुली असावी. पैसे घेऊन दोषाचा उल्लेख न करता फाइल बंद करणे ही आमच्या कपाटांची तडजोड झाली. तिसरी, तो कागद नुकसान झालेल्याच्या उपयोगी पडावा. आपल्या कायद्यात भरपाई मागण्याची तरतूद आहे. पण तडजोडीचा आदेश दोन पानांत आटोपला आणि किती वर्षे, कोणत्या मालावर, किती भाव चढवला हे त्यात नसले, तर भरपाई मागणारा कशाच्या बळावर उभा राहणार? जुन्या सभेने यजितखत जिंकणाऱ्याच्या हाती दिले, ते याचसाठी.

श्रोतेहो, माझ्या सहीविषयी बोलून थांबतो. आमच्या समितीने दर कमी करून घेतला, यात चूक नव्हती. चूक अशी की टिप्पणीत आम्ही खरे लिहिले नाही, आणि जो एकटा खरे बोलला त्याला आम्ही अभय देऊ शकलो नाही. नियम नव्हता हे खरे. पण टिप्पणीत ‘तिन्ही दरपत्रके एकाच यंत्रावर टंकलिखित आहेत’ एवढे एक वाक्य लिहायला कोणत्याही नियमाची गरज नव्हती. ते मी लिहिले नाही. आज या व्यासपीठावरून ते सांगितले, याला उशिरा लिहिलेले यजितखत समजावे. येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकजण आज कुठल्या ना कुठल्या खरेदी समितीवर असतील. दरपत्रके समोर आली की आकड्यांबरोबर शुद्धलेखनही पाहा, आणि जे दिसेल ते टिप्पणीत लिहा. आमच्या गुरुवर्यांना याहून निराळी गुरुदक्षिणा आवडली नसती.